शस्त्रक्रियेआधीचे पंधरा दिवस



रक्तदाब हा शब्द आता कुणालाही नवा राहिलेला नाही. घरटी एक तरी व्यक्ती सकाळच्या चहानंतर रक्तदाबाची गोळी घेणारी असते आणि पेढीवर दोन व्यापारी भेटले की भावताव संपल्यावर बोलणे हटकून 'तुमचा वरचा किती, खालचा किती' यावर येऊन थांबते. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्या नेहमीच्या रक्तदाबाचा नव्हे. रक्तदाबाच्या एक हजार रुग्णांमध्ये फार तर दोन ते सहा जणांच्या वाट्याला येणारा, परंतु ओळखू न आल्यास प्राणावर बेतणारा आणि वेळीच ओळखून नीट तयारी केल्यास बहुधा कायमचा बरा होणारा असा हा एक वेगळाच प्रकार आहे. त्याचा इलाज शस्त्रक्रिया हा आहे. पण त्या शस्त्रक्रियेचे यश शस्त्रक्रियागृहाचे दार उघडण्यापूर्वीच, रुग्णाच्या घरी, साध्या गोळ्या, मीठ, पाणी आणि धीर यांच्या जोरावर बरेचसे निश्चित झालेले असते. त्या पूर्वतयारीविषयी आज विस्ताराने सांगावयाचे आहे.

मानवी शरीरात दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. वैद्यकीय मराठीत त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात मात्र ॲड्रिनल हाच शब्द कानी पडतो. एकेका ग्रंथीचे वजन अवघे चार-पाच ग्रॅम, म्हणजे सराफाच्या काट्यावर जेमतेम अर्धा तोळा. तिच्या गाभ्यात ॲड्रिनलीन आणि नॉरॲड्रिनलीन ही द्रव्ये तयार होतात. रात्री वाटेत अचानक साप आडवा यावा किंवा दुकानाला आग लागल्याची वर्दी यावी, अशा क्षणी ही द्रव्ये रक्तात उतरतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, साठवलेली साखर रक्तात येते आणि माणूस पळण्यास अथवा लढण्यास सिद्ध होतो. संकट टळले की सारे पूर्ववत होते. १८९५ साली इंग्लंडमध्ये ऑलिव्हर आणि शेफर या द्वयीने या ग्रंथीच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब चढतो हे दाखवून दिले आणि १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्यातील ॲड्रिनलीन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले.

या ग्रंथीच्या गाभ्यात क्वचित गाठ निर्माण होते. बहुसंख्य रुग्णांत ती शरीरात अन्यत्र पसरत नाही, आकारानेही पुष्कळदा लिंबाएवढीच असते. तिचा उपद्रव निराळा आहे. ती मेंदूचा हुकूम मानीत नाही. साप नसतो, आग नसते, तरीही ती स्वतःच्या लहरीप्रमाणे ॲड्रिनलीन आणि नॉरॲड्रिनलीन यांचे लोट रक्तात सोडीत राहते. क्रोमियमच्या क्षारांनी ती काळपट रंग धारण करते, म्हणून १९१२ साली ल्युडविग पिक या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने तिला ग्रीक शब्दांवरून फिओक्रोमोसायटोमा असे नाव दिले. नाव उच्चारण्यास अवघड आहे खरे. यापुढे तिला नुसते 'गाठ' म्हटले तरी चालेल.

या गाठीचा रुग्ण कसा दिसतो? तो बसल्या जागी एकाएकी पांढराफटक पडतो. डोके फुटेल की काय असे दुखू लागते, अंगातून घामाच्या धारा लागतात, छातीत धडधड सुरू होते. कुणाला वाटते, आता प्राण जाणार. काही मिनिटांत, फार तर तासाभरात, सारे शांत होते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब बहुधा ठीक झालेला असतो. मग घरचे म्हणतात, 'धंद्याचा ताण घेतला', शेजारी म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत', आणि विशेषतः रुग्ण स्त्री असेल तर तिच्या स्वभावावर ठपका ठेवून मंडळी मोकळी होतात. वर्षानुवर्षे भित्रेपणाचा शिक्का घेऊन जगलेल्या अशा रुग्णांच्या हकीकती वैद्यकीय साहित्यात थोड्या नाहीत. उलट काही जणांना झटके येतच नाहीत. त्यांचा रक्तदाब सतत चढलेला असतो आणि तीन-तीन औषधांनाही दाद देत नाही.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५५ साली पदावर असतानाच त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला. त्यांचा रक्तदाब वरखाली होत असे. देशातील उत्तमोत्तम डॉक्टर त्यांच्या दिमतीला होते. १९६९ साली त्यांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले, तेव्हा डाव्या अधिवृक्क ग्रंथीत सुमारे दीड सेंटिमीटरची हीच गाठ आढळली. हयातीत तिचा पत्ता कुणालाच लागला नव्हता. आज मात्र चोवीस तासांच्या लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत मेटानेफ्रिन नावाच्या द्रव्यांचे प्रमाण पाहून या गाठीचा सुगावा लावता येतो आणि नंतर सी. टी. अथवा एम. आर. आय. काढून तिची जागा निश्चित करता येते. क्रम असाच हवा. पोटाच्या स्कॅनमध्ये या ग्रंथीत गाठ दिसली म्हणून रक्ता-लघवीची ही तपासणी न करताच सुई घालून तुकडा काढणे धोक्याचे आहे, कारण सुईच्या टोचण्यानेही गाठीतून ॲड्रिनलीनचा लोट बाहेर पडू शकतो.

आता शस्त्रक्रियेच्या इतिहासाकडे वळू. १९२६ सालच्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू यांनी आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी अशी गाठ यशस्वीरीत्या काढली. मेयो यांची रुग्ण कॅनडातील एक तरुण ख्रिस्ती साध्वी होती. तिला रक्तदाबाचे भयंकर झटके येत असत. पोट उघडल्यावर गाठ सापडली, ती काढली आणि झटके थांबले. परंतु आपण नेमके काय काढले याची पूर्ण कल्पना तेव्हा खुद्द मेयो यांनाही नव्हती. १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांताच्या मथळ्यात त्यांनी ती गाठ मज्जातंतूची असल्याचे म्हटले आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच अचूक निदान होण्याचा मान १९२९ साली बाल्टिमोरच्या पिंकॉफ्स यांच्याकडे जातो.

त्या साध्वीचे दैव बलवत्तर, असेच म्हणावे लागेल. कारण पुढील काळात या शस्त्रक्रियेने अनेक कुशल शल्यविशारदांना हात टेकावयास लावले. जुन्या अहवालांत शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तिच्या पाठोपाठ दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा वीसपासून पंचेचाळीसपर्यंत दिलेले आढळते. आज अनुभवी रुग्णालयांत ते शेकडा तीनच्या आत, पुष्कळ ठिकाणी एकाच्याही आत आले आहे. सुरी तीच, गाठही तीच. भूलशास्त्राची प्रगती, अचूक निदान आणि शस्त्रक्रियेपूर्वीची औषधयोजना यांनी हा फरक घडवून आणला.

पूर्वी रुग्ण का दगावत, हे समजून घेतल्याखेरीज पूर्वतयारीचे महत्त्व ध्यानात येणार नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांचा हात गाठीला लागताच ती पिळल्यासारखी होते आणि तिच्यातील द्रव्याचा लोंढा रक्तात शिरतो. वरचा रक्तदाब अडीचशे, कधी त्याच्याही पुढे उसळतो. मेंदूतील रक्तवाहिनी फुटावी किंवा हृदयाने लय सोडावी, असा तो प्रसंग. पुढे गाठीची शीर बांधली जाते आणि लोंढा क्षणात बंद होतो. आता सुटकेचा निःश्वास टाकावा, तर रक्तदाब धाडकन खाली कोसळतो आणि वर येण्याचे नाव घेत नाही. पूर्वीचे कित्येक रुग्ण या दुसऱ्या घावाने गेले.

हा दुसरा घाव कोठून येतो? महिनोन् महिने गाठीच्या द्रव्यांनी शरीरातील रक्तवाहिन्या आवळून ठेवलेल्या असतात. नळ्या अरुंद झाल्या म्हणून शरीर आतील रक्ताचा द्रवभागही कमी करते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ताळेबंद फुगलेला दिसतो, पण गल्ल्यात रोकड नसते. यंत्रावर आकडा दोनशेचा आणि प्रत्यक्ष वाहिन्यांत रक्त मात्र तुटपुंजे. गाठ निघाली, आवळणारा हात सुटला, वाहिन्या एकदम सैल झाल्या की ते तुटपुंजे रक्त त्यांना भरण्यास पुरत नाही. पेढीचे पितळ उघडे पडते ते असे.

तेव्हा उपाय उघड होता. वाहिन्यांवरची पकड शस्त्रक्रियेआधीच हळूहळू सैल करावयाची आणि सैल होत गेलेल्या वाहिन्या मीठ-पाण्याच्या आधारे भरत न्यावयाच्या. सांगण्यास सोपे असले तरी त्यासाठी आधी विज्ञानाला एक कोडे सोडवावे लागले. एकच ॲड्रिनलीन रक्तवाहिन्या कोठे आवळते तर कोठे सैल सोडते, हे कसे? १९४८ साली रेमंड अलक्विस्ट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने याचे उत्तर मांडले. शरीरात या द्रव्यांना प्रतिसाद देणारी कुलपे दोन जातींची आहेत, असे त्याने प्रतिपादले आणि त्यांना ॲल्फा व बीटा ही नावे दिली. ॲल्फा कुलूप उघडले की रक्तवाहिनी आवळते. बीटा कुलूप उघडले की हृदय जोरात धावते आणि स्नायूंमधील काही रक्तवाहिन्या सैल होतात. प्रारंभी या मांडणीकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे जेम्स ब्लॅक यांनी तिच्याच आधारे बीटा कुलूप बंद करणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला, तेव्हा अलक्विस्टचे द्रष्टेपण सामान्यांच्याही ध्यानात आले.

या गाठीच्या रुग्णासाठी पहिले औषध ॲल्फा कुलूप बंद करणारे असते. त्यात फिनॉक्सिबेन्झामीन हे जुने आणि मातब्बर औषध आहे. ते कुलपात जणू शिसे ओतते. मग गाठीने कितीही किल्ल्या पाठवल्या तरी ते उघडत नाही आणि शरीराने नवी कुलपे घडवीपर्यंत परिणाम टिकून राहतो. प्राझोसिन व डॉक्साझोसिन ही औषधे कुलपात तात्पुरती अडकून बसतात आणि काही तासांनी निघून जातात. नेदरलँड्समध्ये १३४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत फिनॉक्सिबेन्झामीन घेतलेल्यांचा रक्तदाब शस्त्रक्रियेच्या वेळी काहीसा अधिक स्थिर राहिला. परंतु नंतरच्या गुंतागुंतींच्या प्रमाणात डॉक्साझोसिनच्या गटाहून फरक पडला नाही. म्हणून कोणते औषध द्यावयाचे हे उपलब्धता, किंमत आणि डॉक्टरांचा अनुभव यांवर ठरते. ते रुग्णाने अथवा नातेवाइकांनी ठरवावयाचे नाही.

औषध अल्प मात्रेने सुरू होते. फिनॉक्सिबेन्झामीन साधारणतः दहा मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि मग दर दोन-तीन दिवसांनी रक्तदाब पाहून वाढत जाते. प्राझोसिनच्या पहिल्या गोळीने एकदम चक्कर येऊन माणूस पडण्याची शक्यता असते, म्हणून ती रात्री अंथरुणावर पडतेवेळी देण्याची रीत आहे. पुरेशा तयारीस निदान सात ते चौदा दिवस लागतात. कुणाला त्याहून अधिकही लागतात, विशेषतः हृदयावर परिणाम झालेला असेल तर. रक्तदाब एवढ्याने आटोक्यात आला नाही तर कॅल्शियमचा मार्ग रोखणाऱ्या गटातील, अम्लोडिपिनसारखे, औषध जोडीला दिले जाते.

आणि येथेच या साऱ्या विषयातील सर्वांत घातक चूक संभवते. रुग्णाची मुख्य तक्रार धडधडीची असते. धडधडीवर बीटा कुलूप बंद करणाऱ्या गोळ्या उत्तम चालतात हे आता औषधाच्या दुकानातील मुलालाही ठाऊक आहे. म्हणून कुणी सदिच्छेने आधी तीच गोळी देतो. परिणाम काय होतो? वाहिन्यांना सैल करणारा बीटाचा मार्ग बंद होतो, आवळणारा ॲल्फाचा मार्ग उघडाच राहतो आणि रक्तदाब भडकतो. आधीच थकलेले हृदय त्या भाराखाली मान टाकू शकते. म्हणून नियम असा की आधी ॲल्फा, आणि ती पकड पुरेशी बसल्यावर, सामान्यतः तीन-चार दिवसांनंतर, नाडी जलद असेल तरच बीटा. हा क्रम उलटा करावयाचा नाही. सर्दीवर नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या, मळमळीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड, स्टिरॉइडची मोठी मात्रा आणि नैराश्यावरील काही औषधे यांनीही गाठ भडकू शकते. तेव्हा या दिवसांत घरातील डब्यातली कोणतीही गोळी परस्पर घेऊ नये.

सर्दीच्या गोळीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ॲल्फा औषध लागू पडू लागले की रुग्णाचे नाक चोंदते. तो हैराण होतो, रात्री झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात, 'एवढेच ना, घे एक सर्दीची गोळी.' वस्तुतः चोंदलेले नाक ही औषध लागू पडल्याची खूण आहे. नाकातील बारीक वाहिन्या सैल झाल्या, म्हणजे शरीरातील इतर वाहिन्याही सैल होत आहेत. दुसरी खूण म्हणजे उठून उभे राहिल्यावर येणारी अंधारी. तीही काही प्रमाणात अपेक्षितच असते. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, मग भिंतीला हात लावून उभे राहावे. रात्री लघवीला उठताना सोबतीला कुणी असावे. थकवा येतो, पुरुषांना काही खासगी स्वरूपाच्या तक्रारीही जाणवतात. त्या संकोच न करता डॉक्टरांना सांगाव्यात. बहुतेक तक्रारी औषध थांबल्यावर जातात.

घरी रक्तदाब दिवसातून निदान दोनदा, आधी बसून आणि मग उभे राहून मोजावा व नाडीसह वहीत लिहून ठेवावा. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घरांना हे काम अवघड नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बसलेल्या स्थितीत रक्तदाब १३०/८० च्या खाली यावा, उभे राहिल्यावर वरचा आकडा नव्वदच्या खाली जाऊ नये. नाडी बसून साठ ते सत्तर आणि उभे राहून सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान असावी. प्रत्येकाचे वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर यात फेरफार करतात. ती वही घेऊन गेलेल्या रुग्णाच्या औषधाची मात्रा ठरवणे डॉक्टरांना किती सोपे जाते, हे वेगळे सांगावयास नको.

आता मिठाविषयी. रक्तदाब म्हटला की घरातील आजी प्रथम मिठाची बरणी उचलून ठेवते, आणि एरवी ती बरोबरच असते. येथे मात्र नेमके उलट करावे लागते. ॲल्फा औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी डॉक्टर रुग्णाला मीठ वाढवण्यास आणि भरपूर पाणी पिण्यास सांगतात. सैल झालेल्या वाहिन्यांत रोकड भरावयाची ती अशी. ताक, सूप, आमटी, खारवलेले पदार्थ असे जेवणातच वाढवता येते. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना ही सूचना लागू नाही, म्हणून तीही डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकावी. पण एकदा त्यांनी सांगितल्यावर घरातील कुणी काळजीपोटी मीठ मागे ओढू नये. असे प्रेमाने केलेले अपथ्य शस्त्रक्रियेच्या टेबलावर महाग पडते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक नाजूक गोष्ट येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आयंबील, मिठाचा त्याग, चौविहार आणि उपवास हे नियम आपल्या घरांत निष्ठेने पाळले जातात. या पंधरा दिवसांत शरीराला नेमके मीठ आणि पाणीच हवे असते. औषधाने वाहिन्या सैल झालेल्या असताना निर्जळी उपवास घडला तर उभे राहताच भोवळ येऊन पडण्याचा धोका आहे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब कोसळण्याचा धोका त्याहून मोठा. काही रुग्ण नियम मोडल्याचे सांगावयास लाजतात, तर काही नियम पाळल्याचे डॉक्टरांपासून लपवतात. दुसरा प्रकार अधिक वाईट. चौविहार असेल तर पहिल्याच भेटीत तसे सांगावे. पाण्याचा बराचसा वाटा दिवसा कसा बसवता येईल आणि गोळ्यांच्या वेळा काय ठेवता येतील, याचा विचार डॉक्टर करू शकतात. रात्रीची गोळी टळत नसेल तर ती टळत नाही. आजारपणातील सवलतीविषयी ज्याला गुरुमहाराजांना विचारावयाचे असेल त्याने शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पर्युषण जवळ आले असेल तर तारीख ठरवतानाच ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

या काळात आणखी एक कसोटी लागते, ती धीराची. औषध सुरू झाल्यावर आठ दिवसांत झटके थांबतात, डोके दुखत नाही, रुग्णाला पुष्कळ दिवसांनी बरे वाटते. मग दोन प्रकारचे सल्लागार घरी येतात. एक म्हणतो, 'गोळ्यांनीच बरे वाटते आहे, तर पोट कशाला फाडता?' दुसरा म्हणतो, 'गाठ आहे हे कळले ना, मग उद्याच काढून टाका, पंधरा दिवस थांबून ती वाढली तर?' दोघेही हितचिंतकच. पण गोळ्या गाठीला विरघळवत नाहीत, केवळ तिचे हात बांधून ठेवतात. गाठ तशीच राहते. आणि दोन आठवड्यांत ती सहसा एवढी वाढत नाही की घाई करून तयारीविना टेबलावर जाण्याचा धोका पत्करावा. कापड दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असते की कोरे सुती कापड आधी भिजवून, आटवून मगच शिंप्याकडे द्यावयाचे. घाईने बेतलेला सदरा पहिल्याच धुण्यात अंगाला होत नाही.

या तयारीविषयी तज्ज्ञांत सर्वस्वी एकमत आहे, असे मात्र नाही. जर्मनीतील काही अत्यंत अनुभवी शल्यविशारदांनी ॲल्फा औषध न देता केवळ शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून द्यावयाच्या जलद औषधांच्या भरवशावर या गाठी काढल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष चांगले आहेत. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. परंतु वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या पथकाला जे साधते ते सर्वत्र साधेल असे मानता येत नाही, आणि मार्गदर्शक सूचना आजही आधी ॲल्फा औषध देण्याच्याच बाजूने आहेत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी बहुधा रुग्णाला दाखल करून सलाईन लावतात. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून क्षणाक्षणाचा रक्तदाब पडद्यावर पाहत असतात. चढला तर उतरवणारी आणि उतरला तर चढवणारी, दोन्ही औषधे हाताशी तयार असतात. १९९२ साली मिशेल गॅन्ये यांनी दुर्बिणीतून ही ग्रंथी काढण्याचे तंत्र प्रसिद्ध केल्यापासून बहुतेक गाठी आता लहान छिद्रांतून निघतात. फार मोठ्या किंवा आजूबाजूला चिकटलेल्या गाठींसाठी पोट उघडावे लागते. शस्त्रक्रियेनंतरचे एक-दोन दिवस रक्तदाबाइतकेच रक्तातील साखरेवरही लक्ष ठेवावे लागते. गाठ असताना साखर चढवणारे द्रव्य अखंड येत होते. ते एकाएकी थांबले की साखर घसरू शकते. म्हणून रुग्ण गुंगीत दिसला तर 'भूल उतरतेय' असे समजून स्वस्थ बसू नये, परिचारिकेस लगेच बोलवावे.

ही गाठ माहीत नसताना हर्नियासारख्या दुसऱ्याच शस्त्रक्रियेसाठी रुग्ण टेबलावर गेला आणि भुलीखाली रक्तदाब भडकला, असे प्रसंगही घडतात. म्हणून वर सांगितलेले झटके ज्याला येत असतील त्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावेत. 'घाबरट म्हणतील' या भीतीने गप्प राहू नये.

गाठ निघाली म्हणजे प्रकरण मिटले असेही नाही. काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करून गाठ पूर्ण निघाल्याची खात्री करतात आणि पुढेही दरवर्षी ती करावी लागते, कारण काही जणांत गाठ पुन्हा उद्भवते. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागल्या तर जन्मभर स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, एक दिवसही न चुकता.

शेवटचा मुद्दा कुटुंबाचा. या गाठीच्या सुमारे तिसरा हिस्सा रुग्णांत तिचे कारण आनुवंशिक असते. म्हणून रुग्णाची जनुकीय तपासणी आणि गरज भासल्यास भावंडांची व मुलांचीही तपासणी सुचवली जाते. लग्नसंबंध ठरवताना अडचण येईल या धास्तीने आपल्याकडे ती टाळण्याची प्रवृत्ती आहे. १८८६ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फेलिक्स फ्रँकेल यांनी या आजाराचे पहिले वर्णन लिहिले. त्यांची रुग्ण अठरा वर्षांची एक मुलगी होती. छातीतील धडधड, डोकेदुखी, ओकाऱ्या, फिकट चेहरा अशा तक्रारी घेऊन ती आली आणि वाचली नाही. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही ग्रंथींत गाठी आढळल्या. सुमारे एकशेवीस वर्षांनंतर संशोधकांनी तिच्या घराण्यातील हयात नातेवाइकांचा शोध घेतला आणि त्यांच्या रक्तात या गाठी निर्माण करणारा जनुकीय दोष सापडल्याचे २००७ साली प्रसिद्ध केले. त्या मुलीच्या काळी ना तपासणी होती, ना गोळी. तिच्या नातेवाइकांना मात्र झटका येण्यापूर्वीच आपल्या अंगी काय आहे हे कळू शकले.